मत नको, दिसतंय ते सांगा

मडिवाळप्पा मास्तरांना मत नाही असा विषय जुळे सोलापूरच्या वस्तीत शोधूनही सापडला नसता. गल्लीतल्या गटारीपासून दिल्लीच्या सरकारापर्यंत सगळ्यांना ते सुनावत, पण खास जीव होता तो कार्टूनच्या पिक्चरवर. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवल्यामुळे पडद्यावरचं प्रत्येक चित्र आपल्याकडे तपासायलाच आलंय, असं त्यांना वाटे. "अस्वलाची मान चुकली." "सावली उलटीकडं पडली." "हे झाड हाय का फुलकोबी?" सोफ्यावरून असे शेरे सुरू झाले, की पिक्चर संपला तरी थांबत नसत.

स्वतः मास्तरांनी एकदा शाळेच्या भिंतीवर हत्ती काढला होता. येणाराजाणारा त्याला म्हैस समजे. शेवटी हेडमास्तरांनी खाली ठळक अक्षरांत 'हत्ती' असं लिहवून घेतलं, तरी पोराला सोडायला आलेली एक म्हातारी म्हणालीच, "म्हशीचं नाव हत्ती ठेवलंय व्हय?" हा किस्सा मास्तर स्वतःच रंगवून सांगत आणि वर म्हणत, "ज्याला सोताला येत न्हाय, त्यालाच दुसऱ्याचं चुकलेलं दिसतं. म्हणून तर मला मास्तर केलं."

घरात पिक्चरचं खरं वेड होतं ते त्यांच्या बायकोला, ईरम्माला. मुलगा अमरेश पुण्यात नोकरीला. त्याची लेक राजेश्वरी आणि ईरम्मा आपापल्या घरी एकच पिक्चर बघत आणि रविवारी संध्याकाळी फोनवर त्याचा कीस पाडत. मास्तरांनी मध्ये तोंड घातलं, की पुण्याहून आवाज येई, "आजी, आजोबांना गप्प कर ना!" मास्तर हसत, पण त्यांना ते लागे. आपल्याशी नात 'जेवलात का' एवढंच बोलते, याचं त्यांना फार वाईट वाटे.

यंदाच्या उन्हाळ्यात ईरम्माच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यातला मोतीबिंदू अजून तसाच. टीव्ही म्हणजे तिला नुसता उजेड दिसे. डॉक्टरांनी तर टीव्हीचं नावच काढू नका म्हणून बजावलं होतं. रविवारी दुपारी भाकरी-शेंगाचटणी झाल्यावर ती टीव्हीकडं पाठ करून कूलरसमोर बसली आणि म्हणाली, "लावा पिक्चर."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डोळ्याचं म्हणाले. कानाला पट्टी बांधलीय व्हय? संध्याकाळी राजीचा फोन येणार. तिला काय सांगू? तुमी बघा आन् मला सांगा."

मास्तरांची कॉलर ताठ झाली. बायकोनं आपण होऊन त्यांना बोलायला सांगितल्याला जमाना लोटला होता. पिक्चर कोल्ह्याच्या पिल्लाचा होता. त्यात बोलणं म्हणून नव्हतं, नुसता वारा आणि वाद्यं.

"पहिली गोष्ट," मास्तरांनी घसा साफ केला, "बर्फ लई निळा केलाय. आन् शेपटीचं वजन बघितलं तर..."

"कुणाची शेपटी?"

"कोल्ह्याची. पिल्लू हाय."

"एकटंच? आई कुटं हाय त्याची?"

मास्तर गडबडले. आई मघाशी होती. शेपटी तपासण्याच्या नादात ती कधी नाहीशी झाली, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. "असंल की हितंच," ते म्हणाले. "पण रंग बघशील तर..."

"सुम्नं कूड्री!" ईरम्मा कडाडली. तिचं माहेर अक्कलकोटकडचं. राग आला की ती कानडीत गप बसवायची. "मत नको. दिसतंय ते सांगा."

मास्तरांनी मुकाट्यानं रिमोट उचलला आणि पिक्चर पहिल्यापासून लावला.

"पिल्लू चालायलंय," ते चाचरत म्हणाले. "आई म्होरं हाय. वादळ आलं. आता... आता आई दिसंना. पिल्लू थांबलं. मागं बघायलंय." त्यांना घाम फुटला. चुका सांगायला शब्द कसे भराभर येत. नुसतं बघून सांगायचं तर जीभ अडखळायला लागली. नदी गोठली होती, तिच्यावरून पिल्लू निघालं, तेव्हा ईरम्मानं त्यांचा हात धरला. "हळू सांगा," ती म्हणाली, "फुटंल." मास्तर खरोखरच हळू बोलायला लागले. पिल्लाचा एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा काढलाय, हे त्यांच्या ध्यानात आलं, पण सांगायचं राहून गेलं.

"बीळ दिसलं," ते म्हणाले. "त्याचं जुनं घर. पळायलंय बघ!"

"आई हाय का आत?"

बीळ रिकामं होतं. पिल्लानं सगळं हुंगलं, आईच्या जागेवर अंग मुडपलं आणि डोळे मिटले. पडद्यावर नावं सरकायला लागली. मास्तरांनी बायकोकडं पाहिलं. पट्टी बांधलेला तो चेहरा त्यांच्याकडं वळवून ती वाट बघत होती. तिला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं.

"हाय की," ते म्हणाले. "आत बसलीय. चाटायलीय त्याला."

"मग वाद्यं रडल्यावानी का वाजायलीत?"

"संगीतवाल्याचं चुकलं," मास्तर म्हणाले.

ईरम्मा समाधानानं आडवी झाली, आणि मास्तरांना संध्याकाळचा फोन आठवला. राजी आता सगळं सांगणार. डोळ्याला पट्टी बांधलेल्या बाईला आपण फसवलं. वर बिचाऱ्या संगीतवाल्याला बट्टा लावला. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा "झोपलीय म्हणून सांगू?" असंही त्यांनी विचारून बघितलं. ईरम्मानं फोनचा स्पीकर लावायला सांगितला.

"आजी, काय गं तो शेवट!" राजीचा आवाज भरून आला होता. "मी खूप रडले. आई बिळात नव्हतीच."

मास्तरांनी मान खाली घातली.

"तुमच्यात नव्हती व्हय?" ईरम्मा म्हणाली. "आमच्यात होती. तुझ्या आजोबांनी बघितली."

मास्तर कान देऊन बसले.

"आजी," राजी हळूच म्हणाली, "आजोबांना फोन दे ना."

मास्तरांनी फोन कानाला लावला. मत म्हणाल तर डोक्यात एकही नव्हतं.

"ती काय करत होती, आजोबा?"

"पंजे चाटत होती त्याचे," मास्तर म्हणाले. "बर्फ चिकटलेला की त्याला."

"मग?"