मायचा पंप

माझा बाप पंप चालवायचा. पंप म्हणजे पाठीवर पट्ट्यांनी बांधतात तो, फवारणीचा. आमचं शेत नव्हतं. हिवरखेडच्या शिवारात ज्याच्या कपाशीवर अळी पडली त्याच्याकडं बाप रोजानं जायचा, अन् माय त्याच्या मागं पाणी भरायला. औषधाचं पाणी ती काडीनं ढवळायची, पंप भरून द्यायची, मग पदराचं टोक वर धरून वारा कुठून येतो ते पाहायची. वाऱ्याकडं पाठ करूनच फवारा मारायचा, हा तिचा नियम. दोघंही नाकाला फडकं बांधत, आणि घरात पाय ठेवण्याआधी कोपरापर्यंत हात धूत. एवढीच काळजी त्यांना माहीत होती.

मी आठवीत असताना एका दुपारी वारा फिरला. बापाला ऑटोत आडवं टाकून आणलं तेव्हा तोंडातून फेस येत होता आणि छाती उकळत्या भांड्यासारखी वाजत होती. अकोल्याच्या दवाखान्यात तो वाचला, पण छाती गेली ती गेलीच. खाटेवरून मोरीपर्यंत जाताना दोनदा बसायचा. माय जिनिंगमध्ये, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, लागली. तिथं दिवसभर कापसाची धूळ हवेत असायची, संध्याकाळी तिच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. दादानं शाळा सोडली आणि त्याच जिनात गाठी उचलायला लागला. मी बारावीत गेलो त्या वर्षी बाप गेला.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात बापाच्या वॉर्डात एक पुरुष नर्स होता. सगळे त्याला ब्रदर म्हणत. डोळे पांढरे करणाऱ्या माझ्या बापाला त्यानं उठवून बसवलं, पोटाशी उशी देऊन पुढं वाकवलं, पाठीवर हात ठेवला आणि ‘हळू, हळू सोडा’ म्हणत राहिला. बापाचा श्वास जागेवर आला. हे काम मला यायला पाहिजे, असं मला तेव्हाच वाटलं. पुढं मी बीएस्सी नर्सिंग केलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेतलेला मी पहिला माणूस, आणि हे मी कुठंही ताठ मानेनं सांगतो. गावात पानटपरीवर म्हणाले, पोट्टं शिकाले गेलं अन् सिस्टर होऊन आलं. मी म्हटलं, दम लागला की पयला फोन या सिस्टरलेच करसान. दोघातिघांनी नंतर केलाही.

अमरावतीला छातीच्या वॉर्डात मला नोकरी लागली. दम्याचे, जुन्या खोकल्याचे, धुरानं अन् धुळीनं छाती धरलेले म्हातारे-म्हाताऱ्या. त्यांना कसं बसवायचं, ओठ चंबू करून श्वास कसा सोडायचा, ऑक्सिजनची चकती नातेवाईकांनी आपल्या मनानं का फिरवायची नाही, हे सांगता सांगता माझा दिवस जातो. सगळ्यात जास्त वेळ जातो पंपावर. तोंडातून औषध ओढायचा छोटा पंप. तो लागला म्हणजे माणूस संपला, अशी आमच्या भागात समजूत.

जिनिंगच्या धुळीनं मायची छाती धरली तेव्हा मी तिला अमरावतीला आणून डॉक्टरांना दाखवलं. औषध सुरू झालं. मी स्वतः गावी जाऊन शिकवलं. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, या लांबट नळीतून दोन फवारे ओढायचे, दहा मोजेपर्यंत रोखायचं, नंतर गुळण्या. माय मान हलवत होती. मी वहिनीलाही समजावलं, आणि दादाला सांगितलं की लक्ष ठेव.

गावी गेलो की मी पंपाच्या पाठीवरचा आकडा पाहायचो. किती फवारे उरले ते तिथं दिसतं. आकडा नेहमी बरोबर उतरलेला असायचा. फोनवर विचारलं की दादा म्हणायचा, घेते ना, दोन्ही टाइम घेते. मला लय समाधान होतं. वॉर्डात एखादा म्हातारा पंपाला हात लावीना की मी म्हणायचो, बाबा, माझी माय अंगठेबहाद्दर आहे, ती न चुकता घेते, तुम्हाला काय झालं? त्यावर बरेचजण ऐकायचे.

पण मायचा दम वाढतच होता. आधी पाण्याची गुंडी आणताना लागायचा, मग पोळ्या करताना लागायला लागला. डॉक्टरांनी औषध वाढवलं. एकदा ते म्हणाले, तुझी आई नीट ओढते ना? मला राग आला. म्हटलं, सर, मी शिकवलंय.

एका रविवारी अकोल्याला कामानं आलो होतो. काम लवकर उरकलं, तर कुणाला न सांगता हिवरखेडची बस धरली. घराचं पुढचं दार लोटलेलं होतं म्हणून मागून गेलो. माय मागच्या अंगणात तुराट्यांच्या कुडाजवळ उभी होती. तिनं पदराचं टोक वर धरून वारा पाहिला. वाऱ्याकडं पाठ केली. पदर नाकावर घट्ट दाबला, हात लांब केला आणि पंप दाबला. कुडावर एक फवारा. थांबून दुसरा. मग पंपाला टोपण लावलं, कोनाड्यात ठेवला आणि रांजणावर जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. शेवटी गुळण्याही केल्या.

मी कुडापाशी गेलो. मग म्हटलं, "माय, काय करून राहिली?"

ती दचकली, पण लपवलं नाही. "फवारा मारून राहिली. तूच तं सांगतलं, दोन टाइम."

आवाज ऐकून वहिनी बाहेर आली आणि मला बघून परत आत गेली. तेवढ्यावरून मला कळलं की तिलाही माहीत आहे. मी आत जाऊन दादाला विचारलं. तो जेवत होता. हात न थांबवता म्हणाला, पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी म्हटलं, मग फोनवर खोटं काहून बोलत होता?

"आपल्या बापाले पंपानं खाल्लं," दादा म्हणाला. "तू मायले म्हणतं पंप घे, फवारा तोंडात मार. तिले राती झोप नव्हती लागत. अन् तुले सांगतलं असतं तं तू भाषण देल्लं असतं. तू घरी येतं तं साहेबावानी येतं. तुयासमोर बोलाची हिंमत कोनाची हाय?"

मी त्याला म्हटलं, तो पंप वेगळा, हा वेगळा. दादा म्हणाला, नाव तं एकच हाय. माय दारात उभी राहून ऐकत होती. मी तिच्याकडं पाहिलं तर म्हणाली, "तुले वाईट वाटू नये म्हणून रोज मारत होती, बाबू. आकडा पाहतं ना तू."

म्हणजे हे सगळं माझ्यासाठी चाललं होतं. माझी माय, माझा भाऊ आणि माझी वहिनी असे तिघं मिळून मला खूश ठेवत होते, आणि मी परक्या म्हाताऱ्यांना तिचं उदाहरण देत होतो. मी जेवलो नाही. संध्याकाळच्या बसनं निघालो तेव्हा माय म्हणाली, आता तोंडातच ओढीन, अन् मी ते खरं मानलं. पुढं वॉर्डात पंप शिकवताना मायचं नाव काढायची वेळ आली की मी ते वाक्य गाळायचो.

थंडीत, जिनिंगच्या ऐन हंगामात, मायला जोराचा दम लागला. दादानं तिला अकोल्याला दवाखान्यात भरती केलं आणि मला फोन केला. मी पोचलो तेव्हा सकाळ झाली होती. माय पलंगावर टेकून बसली होती, पाठ माझ्याकडं. एक पोरगेलीशी सिस्टर तिच्या तोंडावर मास्क लावत होती. ती एवढंच म्हणाली, आजी, वाफ घ्या. आणि मायनं घेतली. खांदे सैल सोडून, मन लावून घेतली. मी दारातच थांबलो.

वाफ संपल्यावर सिस्टरनं पंप आणि लांबट नळी काढली. तसलीच नळी मी दिलेली, घरी डब्यात नवी कोरी पडून होती. सिस्टर म्हणाली, आजी, ही तीच वाफ, छोट्या डब्यातली. घरी मशीन नाही ना, म्हणून. मायनं नळी तोंडात धरली आणि औषध ओढलं. माझ्या डोळ्यांसमोर, पहिल्यांदा.

सिस्टरनं विचारलं, आधी कधी घेतलं नाही का हे? घरी कुणी शिकलेलं नाही?

"हाय ना. पोरगा अमरावतीले ब्रदर हाय, लय शिकेल हाय." मग आवाज खाली करून माय म्हणाली, "त्याले नोको सांगजो व माय, म्या अजूनबी घेत नव्हती म्हून. तो लय प्रश्न इचारते."

सिस्टरनं वर पाहिलं, मी दिसलो. तिला वाटलं असेल, कुणी दुसऱ्या पेशंटचा नातेवाईक. मी तसाच बाहेर आलो आणि जिन्याजवळच्या बाकावर बसलो. सगळी विद्या माझ्याकडं होती, बाप माझा गेला होता, पोर तिचं मी होतो, आणि मायनं विश्वास टाकला तो एका अनोळखी पोरीवर. दादा चहा घेऊन आला. म्हणाला, पी. मी प्यालो. 

यावर वर्ष उलटून गेलं. दादाशी मी बोलतो, पण फोनवर तो ‘घेते ना’ म्हणाला की मी मायलाच फोनवर बोलवतो आणि तिला ओढताना ऐकतो. तिला ते आवडत नाही. मलाही आवडत नाही. पण मला त्यांनी फसवलं ते फसवलंच, आणि ते मी विसरलेलो नाही. वॉर्डात मी आता फवारा हा शब्द काढत नाही. शेतातून आलेला पेशंट असला तर पंपही म्हणत नाही. डबा म्हणतो, वाफ म्हणतो, आणि माझ्यासमोर ओढायला लावतो.

मायनं जिनिंग सोडलं. दोन्ही टाइम ती औषध घेते. या थंडीत तिला एकदाही दवाखान्यात न्यावं लागलं नाही, आणि घरापासून बस स्टँडपर्यंत ती मध्ये न बसता चालत जाते.