दिलेली कुस्ती

जिंकलेल्या पैलवानानं हरलेल्याच्या कानाखाली मारली, असं मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही. मारली ती माझ्याच. आमच्या गावच्या जत्रेत, भर आखाड्यात, अख्ख्या पंचक्रोशीसमोर. आणि ती मला बसायलाच हवी होती.

अमळनेरात माझी पिठाची चक्की आहे. कुस्तीवर मी कधी पोट भरलं नाही. पहाटे तालीम, दिवसभर दळण, असा तो शौक. पण त्यात एक ध्यास होता: गावच्या जत्रेतली शेवटची, चांदीच्या कड्याची कुस्ती मारायची, आणि तीही दोंडाईच्याच्या एका दांडग्याला पाडून. दोन वर्षं त्यानं मला आपटलं होतं. पहिल्या वर्षी खांदा उतरवला, दुसऱ्या वर्षी पुढचा दात पाडला. तिसऱ्या वर्षी मी त्याच्या मानेवर कोपरापासून मनगटापर्यंत हात असा घासला की कातडी सोलून निघाली. त्याचा कान फुटला, रक्त माझ्या ओठांवर आलं, तरी पकड सोडली नाही. त्याची पाठ मातीला लागली तेव्हा मी छातीवर बसून नुसता ओरडत होतो. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. बायकोला हे ठाऊक आहे.

पंधरा दिवसांत सगळं विझलं. पहाटे जाग यायची, पाय सवयीनं तालमीकडे वळायचे, पण जोर मारताना वाटायचं, कशासाठी? आता कुणाला पाडायचंय? भूक गेली होती, चावायची सवय मात्र राहिली होती. सरावात मी उगाचच मारायला लागलो. माझा एक जोडीदार शिंपीकाम करायचा. त्याची करंगळी मी मोडली आणि वर हसलो. आमच्या वस्तादांना सगळे नाना म्हणत. त्यांनी वेताची छडी माझ्या पोटरीवर ओढली.

"तुनं पोट भरनं ना? मंग लंगोट खुंटीले टांग," ते म्हणाले. "लोकेसना हातपाय नको मोडू."

ऐकायला हवं होतं. पण आमच्याकडे रीत अशी की, मागच्या वर्षी कडं जिंकलेल्यानं, म्हणजे कडेवाल्यानं, पुढच्या जत्रेत आखाड्याच्या मधोमध हात वर करून उभं राहायचं. ज्याला लढायचं असेल त्यानं पुढे येऊन त्या हातावर हात मारायचा. कडेवाला आलाच नाही, तर गावाची नाचक्की. म्हणून गेलो.

हातावर हात पडला तो चोपड्याकडच्या एका गड्याचा. केळीच्या बागांत घड वाहून त्याची मान बैलासारखी झाली होती. तीन वर्षांपूर्वी एका बारक्या जत्रेत मी त्याला पाडलं होतं. मी ते विसरलो होतो, तो विसरला नव्हता. त्यानं हात मारला तेव्हाच माझा पंजा बधिर झाला.

दहा मिनिटं त्यानं मला चेचलं. डोकं डोक्यावर, गुडघा बरगडीत, माझी भुवई फाटली. मग एका क्षणी तो चुकला आणि त्याची मान माझ्या काखेत आली. एक झटका दिला असता की तो उताणा. तेव्हाच मनात आलं, आता जिंकलो तर पुन्हा वर्षभर तेच जोर, तीच माती, पुन्हा इथंच उभं राहायचं. मला तर काहीच नकोय, याला हवंय, घेऊ दे बापड्याला. मला वाटलं मी मोठं मन दाखवतोय. मी हात ढिला सोडला आणि पाठीवर पडलो.

तो छातीवर बसला. लोक नाचायला लागले. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मला धरून उभं केलं आणि कानाखाली अशी ठेवून दिली की मी परत मातीत बसलो.

"मी तुले पाडं नही. तू पडी गया," तो म्हणाला. "माले भीक दिन्ही? तीन वरीस मी हाई कुस्तीनी वाट देखी."

हे पुढच्या रांगांनी ऐकलं. 'नुरा, नुरा' असा गलका उठला. नुरा म्हणजे ठरवून केलेली कुस्ती, आमच्यात त्याहून घाण शिवी नाही. चपला आल्या, मग दगड. पंचांनी काठ्या चालवल्या. एक दगड त्याच्या कपाळावर बसला, तरी तो मान ताठ ठेवून चालत बाहेर गेला. कडं कुणालाच दिलं नाही.

मला काय, चक्की होती. त्याला मात्र कुठल्याच जत्रेत लढायला जोड मिळेना. तो आला की लोक म्हणत, हा तोच नुरावाला. माझी इच्छा मेली, त्याची कुणी तरी मारली, आणि तो कुणी तरी मी होतो. ह्याची मला फार लाज वाटायची.

थंडीत मी त्याच्या गावी गेलो. तो बागेत घड उतरवत होता. मी माफी मागितली. त्यानं घड खाली ठेवला आणि हात वर केला.

"माफी नको. आते खरी लढ."

मी हातावर हात मारला आणि जीव तोडून लढलो, अगदी दोंडाईच्याच्या त्या दांडग्याशी लढलो होतो तसा. इतक्या दिवसांनी मला पुन्हा जिंकावंसं वाटत होतं. केळीच्या दोन ओळींमधल्या ओल्या सरीत आम्ही एकमेकांची तोंडं चिखलात रगडली. मग त्यानं मला उचलून असं आदळलं की बरगडी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो माझ्या छातीवर बसला, धापा टाकत, आणि त्याचे डोळे भरून आले.

"आते पाडं," तो म्हणाला. "बठ्ठासले सांग."

तेव्हापासून प्रत्येक जत्रेत मी पंचांना, पैलवानांना, चक्कीवर दळणाला येणाऱ्या माणसांना, सगळ्यांना सांगत आलोय, की त्यानं मला खरंच पाडलं. बरगडीवर हात ठेवून सांगतो. लोक हसतात आणि म्हणतात, तीही नुराच असेल.