हारुकोचा उखाणा

आता काय सांगू बाई, तोंडावर आपटणं म्हणजे काय, ते मला विचारा!

इथं हिंदी मुलखातल्या आमच्या समता कॉलनीत आम्हा मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू असतं. त्यात उखाण्यांची स्पर्धा, आणि परीक्षक कायम मी. जन्मभर मराठी शिकवली ना! त्या खुर्चीत माझा जीव. पण उखाणे कसले? गेल्या संक्रांतीला वानखेडे वहिनींनी घेतला, "सोफा घेतला, फ्रिज घेतला, अनिलराव ड्यूटीवरून येऊन राहिले."

हा उखाणा? ही तर सामानाची बातमी!

पोरीच्या मोबाइलवर नुकतंच वाचलं होतं, जपानीत पद्याला इनबुन म्हणतात आणि गद्याला सानबुन. दिलं ठोकून, "वहिनी, जपानी लोक याला सानबुन म्हणतील. इनबुनला अक्कल लागते."

वहिनींचं तोंड एवढंसं झालं. पण पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, बोभाटा काय झाला? कुंदाताईला जपानी येते! मी नाही म्हणाले का? छे! वर्षभर मिरवलं.

यंदा वहिनी एका जपानी बाईलाच घेऊन आल्या. हारुको. तिचा नवरा केंजी शहराबाहेर उरल्याच्या लोखंडाच्या कारखान्यात वानखेड्यांसोबत इंजिनिअर.

"ताई, इले उखाणा घ्यायले सांगा न. तुमाले तं जपानी येते!"

आता? खुर्चीचा प्रश्न! मी हारुकोकडे बघून ऐटीत म्हणाले, "इनबुन!"

बाई हरखली की! भडाभडा जपानीत सुरूच झाली. एक अक्षर कळलं असेल तर शपथ! सगळ्या माझ्या तोंडाकडे बघताहेत. मी घसा खाकरला.

"ती म्हणते, उरल्याच्या भट्टीत लोखंड लाल लाल, केंजीरावांच्या संगतीत सुखात गेलं साल!"

काय टाळ्या पडल्या! हारुको मात्र गोंधळली.

"दीदी, मैं तो पूछ रही थी, आपने जापानी कहाँ सीखी?"

हिंदी! इथल्या बाजारात भाजी घेऊन घेऊन माझ्या पोरीपेक्षा साफ झालेली!

"हव, ताई, सांगा न. कुठी शिकल्या?" वहिनी गोड हसल्या. मग त्यांनी हारुकोला माझ्या खुर्चीत बसवलं, इनबुन-सानबुनचा सगळा किस्सा तिला हिंदीत ऐकवला आणि माझ्याकडे वळल्या. "आता तुमचा होऊन जाऊ द्या!"

उभी राहिले. यमक कुठं पळालं, देव जाणे.

"तिळगूळ केला, चिवडा केला, वसंतराव... वसंतराव घरी आहेत."

वहिनींनी अर्थ सांगितला. हारुकोनं ऐकून घेतलं, आदरानं मान लववली आणि निकाल दिला.

"दीदी, सानबुन!"