माझ्या हातची वाटी

अमळनेरजवळच्या आमच्या गावी वैशाखात माझ्या दीड वर्षाच्या मुलीला जुलाब लागले. तेव्हा आमच्याकडे जुलाबात पाणी तोडायचे. पोटात गेलेच नाही तर बाहेर काय पडेल, अशी समजूत. मी कॉलेज शिकलेला, पण माझीही समजूत तीच.

बायकोने रेडिओवर ऐकले होते. पेलाभर पाण्यात चमचाभर साखर, चिमूटभर मीठ विरघळवून ती वाटीने पाजत होती. माझ्या आईने पाहिले.

"पानी दिधं तर आखो जुलाब व्हतीन. मारी टाकशी का पोरले?"

"तिना डोया देखा तुम्ही," बायको मला म्हणाली. "पोर सुकी राहिनी."

मी वाटी लाथेने उडवली आणि बायकोच्या थोबाडीत मारली. तिचा ओठ फुटला. सांडलेले पाणी ती पदराने टिपत राहिली.

दुसऱ्या दिवशी जुलाब थांबावेत म्हणून पोटावर डाग द्यायला आईने बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला. मी बायकोला बाहेर काढून कडी लावली आणि पोरीचे पाय दाबून धरले. बेंबीभोवती डाग बसत होते, बाहेर बायको दारावर डोके आपटत होती. पोर किंचाळली, पण डोळ्यांतून टिपूस आले नाही. ते पाहिले आणि माझे हात सुटले. कडी काढली, पोरीला उचलले आणि बायकोसह धुळ्याची एसटी गाठली.

दवाखान्यात शीर सापडेना. हातात, पायात सुया खुपसल्या, शेवटी डोक्याचे केस भादरून तिथे सलाईन लावले. पाय पुन्हा मीच धरले होते.

"पोटावर हे कुणी केलं?" डॉक्टरांनी विचारले.

"माझ्या आईनं," मी म्हणालो.

"पाय यासनी धरेल व्हतात," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी पोरीचे पोट झाकले. मग म्हणाले, "शुद्धीवर आहे, तोंडानेही पाजा. चमचा चमचा. उलटी झाली तर जरा थांबून परत."

बायको दुपटी धुवायला गेली तेव्हा मी दवाखान्यातून मिळालेल्या मीठ-साखरेच्या पुडीचे पाणी वाटीत कालवले आणि चमचा पोरीच्या ओठांशी नेला. ओठ फाटलेले. जीभ बाहेर आली. तेवढ्यात तिची नजर माझ्या तोंडावर गेली. तिने दात आवळले, पाय झाडले. पाणी मानेवरून ओघळले.

बायकोने येऊन वाटी माझ्या हातातून हिसकावली. पोर चमचा चावत प्यायली.

पोर जगली. आम्ही तिथे होतो तोवर पाणी तिने बायकोच्याच हातून घेतले. मी वाटी विसळून द्यायचो आणि खाटेपासून लांब उभा राहायचो.