दुपारी बाराची टेस्ट

कॅप्टन देवमन तायडे यांचं डोकं फिरलं, असं आमच्या फ्लाइंग स्कूलमधल्या सगळ्यांना एकाच सकाळी वाटलं. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता, सात वाजले होते, आणि सर इंजिन बंद असलेल्या विमानात विद्यार्थ्याच्या सीटवर एकटेच बसले होते. चार जण घामाघूम होऊन ते विमान जागच्या जागी गोल फिरवत होते. एक फेरी झाली की आतून आवाज यायचा, "आखीन एक. हळू फिरवा ना बावा, रसवंतीचा चरक नाही तो." मी खिडकीतून बघत होते. म्हटलं, गेला माणूस कामातून.

मी नीलम वानखडे. अमरावतीची, आणि या स्कूलमध्ये नऊ वर्षं डिस्पॅचला. कोणतं विमान कोण नेणार आणि किती वाजता, हे ठरवून फळ्यावर लिहायचं, हे माझं काम. विमान मला उडवता येत नाही, पण ऐकून ऐकून मी अर्धी पायलट झाले आहे, आणि उरलेली अर्धी तोंडानं भरून काढते, असं सर म्हणायचे. खोटं नव्हतं ते.

सर अकोल्याचे, जुन्या शहरातले. वडील नगरपालिकेत शिपाई होते. सरकारी शिष्यवृत्तीवर हा मुलगा विमान शिकला, तेव्हा गल्लीतल्या बायका त्याच्या आईला विचारायच्या, "तुयं पोरगं वरतून आपलं घर पाह्यते का व?" मोठ्या कंपनीच्या मुलाखतीत इंग्रजी अडखळलं आणि तिथून पुढे पस्तीस वर्षं सरांनी दुसऱ्यांनाच उडायला शिकवलं. याचं दुःख त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही हसत. मला मात्र त्या मुलाखत घेणाऱ्यांचा अजून राग येतो.

आता ती टेस्ट काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ढगात शिरलं की बाहेरचं काही दिसत नाही. शरीर सांगतं, आपण सरळ चाललो आहोत, आणि विमान खुशाल वळत असतं. अशा वेळी शरीराचं न ऐकता फक्त समोरच्या काट्यांवर भरवसा ठेवून उडवता येतं का, हे बघणारी ती टेस्ट. वऱ्हाडात मार्च-एप्रिलला ढग आणायचे कुठून? म्हणून विद्यार्थ्याच्या डोक्याला हूड लावतात. टांग्याच्या घोड्याच्या झापडांसारखा, म्हणजे काटे दिसतात आणि बाहेरचं जग दिसत नाही. मुलगा टेस्टला तयार झाला की शिकवणारा सही करतो. मग बाहेरून परीक्षक येतो.

तायडे सरांची सही मिळणं म्हणजे सोपं काम नव्हतं. ते काट्यांकडे फारसं बघायचेच नाहीत. हूड लावलेल्या मुलाशी गप्पा मारायचे. "आज डब्यात काय हाये? भाजी कोनं केली? तिखट काहून नाही टाकलं?" मुलगा दिल्लीचा असो की केरळचा, त्याच्याशी हिंदीत हेच. त्यांचं म्हणणं असं, की हात आणि डोळे विमानात गुंतलेले असताना ज्याला डब्याबद्दल सरळ उत्तर देता येतं, आणि काटाही हलत नाही, त्याच्या डोक्यात जागा शिल्लक आहे. अडचण आली तर ती ठेवायला जागा लागते. मग खाली उतरून म्हणायचे, "पाड लागला." झाडावरचा आंबा पिकायला लागला की म्हणतात तसंच. या स्कूलमधल्या नऊ वर्षांत एक्केचाळीस जणांना सरांनी सही दिली आणि एकही नापास झाला नाही. आमच्या सगळ्यांना याचा भारी अभिमान होता. मला जरा जास्तच.

बेचाळिसावी आकांक्षा काळपांडे. पातूरची, घरी संत्र्याची बाग, वडील खुशालराव. आमच्याकडे वऱ्हाडातली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच येतात, त्यात ही मुलगी. आल्या दिवसापासून मला ताई म्हणायची आणि माझ्या डब्यातला ठेचा न विचारता घ्यायची. तिच्या लेखी पेपरांची मुदत एकतीस मेला संपत होती. त्याआधी टेस्ट झाली नाही तर सगळे पेपर पहिल्यापासून, म्हणजे आणखी दोन वर्षं. परीक्षक मेच्या विसाव्या तारखेला येणार होता. एप्रिलमध्ये सर म्हणाले, "पाड लागला. सोमवारी सही करतो." आकांक्षानं त्याच दुपारी घरी फोन करून सांगून टाकलं.

आणि शनिवारी सकाळी विमानाचं टायर बसलं. ते बदलेपर्यंत बारा वाजले. सर म्हणाले, चला, आता आलोच आहोत तर जाऊन येऊ. तासाभरानं परत आले तेव्हा दोघांचेही चेहरे उतरलेले. हूडखाली आकांक्षा नेहमीसारखी सरांशी बोलत होती, आजीच्या हातच्या धिरड्यांबद्दल, आणि विमान हळूहळू डावीकडे वळत दर्यापूरच्या दिशेनं निघालं होतं. तीन मिनिटं. काटा समोर ओरडून सांगत होता, आणि हिला पत्ता नाही.

"तू गुडघ्यावर काय पाहून राहिली होती व?" सरांनी विचारलं.

"मी? काई नाही, सर."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं.

सोमवारी सही झाली नाही. झाला तो विमान गोल फिरवण्याचा प्रकार. शेवटी सरांनी मला हाक मारली आणि स्वतः उतरून मला त्या सीटवर बसवलं. हूड घातला. माणसांनी विमान फिरवायला सुरुवात केली. बाहेरचं काही दिसेना, पण बाजूच्या खिडकीतून आलेला उन्हाचा कवडसा माझ्या डाव्या गुडघ्यावर होता. विमान फिरलं तसा तो मांडीवर सरकला, मग पोटावर, मग समोरच्या काट्यांवर चढला. विमान कुठल्या बाजूला वळतंय, हे मला, डिस्पॅचच्या बाईला, डोळे न उचलता कळत होतं.

"समजलं?" सर म्हणाले. "ती काटे पाहतच नव्हती. ऊन पाहत होती."

आमच्याकडे उन्हाळ्यात नऊनंतर हवा तापून अशी उसळते की नवशिक्याला काटा धरून ठेवता येत नाही. म्हणून हूडचं शिकवणं नेहमी सकाळचं. पहिल्यापासून तसंच. सात ते नऊ, सूर्य खाली, ऊन आडवं, आणि खिडकीतून सरळ मांडीवर. बाराला सूर्य डोक्यावर गेला आणि कवडसा छपरानं अडवला, तेव्हा पोरगी उघडी पडली.

सरांनी माझ्याकडून नऊ वर्षांची रजिस्टरं काढून घेतली. एक्केचाळीस नावांपुढच्या वेळा मीच वाचून दाखवायला लागले. सव्वासात. साडेसात. सात. आठ. बावीस-तेवीस नावं झाल्यावर त्यांनी हात वर केला, म्हणाले, "पुरे." इतका थकलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मी व्यवहारी बाई. म्हटलं, "सर, टेस्टही सकाळीच असते. पोरगी पास होते. मग काहून जीव जाळता?"

"टेस्टले ऊन येईन, नीलम. जुलैतल्या ढगात कुठून आनशीन? अन् मांगं दीडशे मानसं बसलेली."

मग मी चिडले, उत्तर नसलं की चिडते तशी, आणि रजिस्टरं आपटत कपाटात ठेवली.

आकांक्षाला सरांनी सगळं खरं सांगितलं. ती आधी रडली, मग ताठ उभी राहून म्हणाली, "सर, सकाळचं तुमीच शिकवलं. चूक तुमची, अन् सजा मले?"

"बरोबर हाये," सर म्हणाले. एवढंच. मला वाटलं होतं, ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी खुशालराव आले. पांढरा शर्ट, हातात संत्र्यांची पिशवी. पाणी प्यायले आणि म्हणाले, "सर, मले इमानातलं काई समजत नाही. सही द्या, नाही तं नका देऊ. पन पोरीले अधांतरी नका ठेवू. हो का नाही, एवढं सांगा."

सर म्हणाले, "भाऊ, तेच सांगता येऊन नाही राहिलं. मले पंधरा दिवस द्या."

मग ते पंधरा दिवस. मेचं ऊन, पत्र्याला हात लावला तर चटका. रोज बाराला सर आकांक्षाला घेऊन जायचे, खिशात कांदा, डोक्याला ओला दुपट्टा. वय एकसष्ट, बीपीची गोळी चालू. हवा त्यांना वर-खाली आपटायची. उतरल्यावर आकांक्षा कधी ओकायची, कधी सर भिंतीला धरून उभे राहायचे. मी दोघांना लिंबू-मिठाचं पाणी द्यायची आणि दोघांनाही बोल लावायची.

मुलगी सुधारली. खरंच सुधारली. एक दिवस काटा जागचा हलला नाही असं सरच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घसरली. मग तीन दिवस चांगली, मग मधलीच. पण खरी अडचण मुलीची नव्हतीच. सर पूर्वीसारखं डब्याबद्दल विचारायचे, ती नीट उत्तर द्यायची, आणि सरांना त्या उत्तराचा भरवसा वाटेनासा झाला होता. पस्तीस वर्षं ज्या कानानं मुलं ओळखली, तो कानच खोटा निघाला होता. एकदा जिन्यावर बसून मला म्हणाले, "आंबा पिकला का कच्चा, हे हातात घेतलं की समजे. आता हातच माहा वाटत नाही." त्या दिवशी मी त्यांना टोमणा मारला नाही.

एकोणीस तारखेला त्यांनी सही केली. पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "परीक्षकाले वेळ तू देशीन ना? दुपारी बाराचीच दे. मले नाही कळत, तं त्याले तरी खरं काय ते दिसू दे. बाराले पास झाली तं ती तयार. नाही झाली तं नाही." हे त्यांनी मला एकटीलाच सांगितलं. आकांक्षाला नाही.

संध्याकाळी परीक्षकाचा नागपूरहून फोन आला. "मॅडम, टेस्ट कितीला ठेवताय?"

मला अजून तो क्षण आठवतो. मी विचारसुद्धा केला नाही. म्हटलं, "सकाळी साडेसात, सर. दुपारी फार ऊन असतं." तो म्हणाला, बरं झालं. आणि मी फळ्यावर लिहिलं: काळपांडे, ७.३०.

का केलं? उन्हाचं निमित्त होतं. ती मुलगी पंधरा दिवस ओकत होती, बाप संत्री घेऊन आला होता, आणि ती नापास झालेली मला बघवली नसती. भ्याले मी. दीडशे माणसं कुठे तरी पुढे होती, त्यांचे चेहरे नव्हते. ही माझ्या डब्यातला ठेचा खायची.

वीस तारखेला सकाळी आकांक्षानं फळा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. हूड उचलला आणि विमानाकडे गेली. नऊ वाजता ती उतरली, परीक्षक हसत होता. फार छान उडवते म्हणाला, इतकी स्थिर मुलगी या वर्षात पाहिली नाही. पेढे आले. सरांनी अर्धा पेढा घेतला आणि आकांक्षा पाया पडायला वाकली तेव्हा पाय मागे घेतले. म्हणाले, "पहिल्यांदा ढगात गेलीस की मले फोन कर. उतरल्यावर."

जूनच्या शेवटी सरांनी नोकरी सोडली आणि अकोल्याला गेले. बीपीचं कारण दिलं.

दिवाळीनंतर चुलत बहिणीच्या लग्नाला मी अकोल्याला गेले, तेव्हा मोर्णा नदीचा पूल ओलांडून त्यांच्याकडे जाऊन आले. वहिनींनी चहा केला. टेबलावर एक वही होती. त्यात एक्केचाळीस नावं. सर एकेकाला फोन करून विचारत होते, ढगात गेल्यावर कसं वाटतं. बरेच जण हसले, सर, आता सवय झाली म्हणाले. बंगलोरला असलेला प्रीतम हसला नाही. पहिलं वर्षभर ढगात शिरलं की त्याची मान आपोआप डाव्या खिडकीकडे वळायची. शेजारचा कॅप्टन ओरडायचा, आणि आपण का वळतो, हे त्याला कळायचं नाही. सरांचा फोन आला तेव्हा कळलं. तीन जणांनी अजून फोन उचललेला नव्हता.

"आकांक्षाचा आला का?" मी विचारलं.

"ट्रेनिंग चालू हाये तिचं हैदराबादले. ढगात नाही गेली अजून." त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "नाही तं गेली, अन् फोन नाही केला."

माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "सर, टेस्ट मी बाराला नव्हती लावली. साडेसातला लावली. तुमचं ऐकलं नाही मी." आणि रडायला लागले.

सरांनी वही बंद केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले माहीत हाये. आदल्या दिवशी सांजेलेच पाह्यला होता मी फळा. तू घरी गेली होतीस. धा मिनिटं उभा होतो तिथं." मग म्हणाले, "डस्टर हाताजवळच होतं, नीलम."