टबाची चकाकी
बाथटबची आठवण म्हटलं की तुम्हाला फेसात लोळणारा मी दिसेन, पण मी त्यात पायसुद्धा बुडवला नाही. आज गॅरेजमधनं गाडीच्या पॉलिशचा वास आला आणि लोणावळ्यातला तो भाड्यानं द्यायचा बंगला आठवला. तिथं साफसफाईच्या कामावरच्या माझ्या जोडीदारानं ओरखडलेला टब ओल्या पॉलिशपेपरनं घासून, गाडीचंच पॉलिश लावून आरशासारखा केलेला. मालकीणबाईंनी त्यालाच शाबासकी दिली. माझ्या नकलांवर हसणारी झाडूवाली मावशीपण टबातच तोंड बघत बसली. माझा लय जळफळाट झाला. त्या दोघी गेल्यावर मी दाराआडनं हुबेहूब बाईंचा आवाज काढला, "अरे ए, डाग राहिलाय, परत घास!" तो फडकं घेऊन थेट माझ्यावरच आला. "गाढवा, नक्कल तरी नीट कर! बाई मला दादा म्हणत्यात. अरे ए फक्त तुला!"