मामांच्या बोटांना लागलेलं ग्रीस

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. जे मोजता येत नाही, त्यावर माझा विश्वास बसत नाही. तरी लिहितोय, कारण वर्ष होत आलं आणि ही गोष्ट डोक्यातून जात नाही...

माझे सासरे कन्नडला राहतात. मी त्यांना मामा म्हणतो. तीस वर्षं त्यांचं मोटारसायकलचं गॅरेज होतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तेव्हा विकलं. पण कान आणि बोटं अजून मेकॅनिकचीच. माझी गाडी गल्लीत शिरली की ओसरीवरूनच म्हणणार, "पाव्हणं, साखळी ढिली झालीय."

मागच्या हिवाळ्यात चेन फारच कुरकुरायला लागली. ताणून बघितली, उपयोग नाही. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या चक्रांचे, दातेच झिजून वाकडे झाले होते. शनिवारी नवा सेट आणला आणि व्हिडिओ बघत बघत पार्किंगमध्ये मीच बसवला. दोन्ही स्प्रॉकेट, चेन, आणि शेवटी चेनची टोकं जोडणारं लॉक. त्या लॉकवर नखाएवढी एक पत्ती असते. ती निसटली तर चालत्या गाडीची चेन सुटू शकते. कॉलनीत दोन चकरा मारल्या — आवाज एकदम बंद! बायको लग्नाला जालन्याला गेली होती, मुलगी सई दिवसभर मैत्रिणीकडे. कन्नडला फोनसुद्धा झाला नव्हता.

रविवारी सकाळी साडेआठला मी आणि सई कन्नडला निघालो. सई नऊ वर्षांची. हेल्मेट घालून मागं बसली, मी गाडी सुरू केली, तेवढ्यात मामांचा फोन.

"पाव्हणं, गाडी लावून कुठं गेलात?"

"मी घरीच आहे मामा. आत्ता निघतोय."

"मंग अंगणात गाडी कुणाची?"

"दुसऱ्या कुणाची तरी असेल."

"नाय, तुमचीच. आवाज वळखतो मी. हाका मारल्या, कुणी बोलंना, म्हणून जाऊन हात लावला. साखळी नवी घातली ना?"

मी गाडी बंद केली.

"लॉकला पत्ती नाय. आधी पोरीला उतरवा. अन् मग बघा."

सईला उतरवलं. गाडी मेन स्टँडवर घेतली आणि मागचं चाक हातानं हळूहळू फिरवलं. लॉक समोर आलं. पत्ती नव्हती. वरची प्लेट एका बाजूनं सुटून तिरकी झाली होती...

मी तिथंच फरशीवर बसलो. खुलताबादच्या पुढं वेरूळचा उतार आहे. तिथं चेन सुटून चाक जाम झालं असतं तर? "बाबा, काय झालं?" सई विचारत होती.

फोन अजून चालूच होता. "मामा, पत्ती नाहीये."

"व्हय. यष्टीनं या."

एसटीनंच गेलो. मामी दारात उभ्या होत्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "अंगणात कुणी आलं नाय हो. मी तुळशीपाशीच व्हते. हे एकलेच उठले, मधोमध खाली बसले अन् हवेतच बोटं फिरवायला लागले. मला वाटलं, चक्कर आली. उठवायला गेले तर बोटांना ग्रीस! दोनदा साबण लावला, तरी निघंना."

मामांचा उजवा हात मी बघितला. दोन बोटांच्या नखांच्या कडेला ते अजून होतं. चिकट, तपकिरी. नव्या चेनला येतं तसलं. माझ्या नखांतही तेच होतं.

मी खूप विचार केला. तसाच आवाज असलेली एखादी गाडी गल्लीतून गेली असेल. ग्रीस कुठल्या तरी जुन्या डब्याचं असेल, जरी त्या घरात आता साधा पानाही उरलेला नाही. पण पत्तीचं काय? ती निघालीय हे तर मलाच माहीत नव्हतं.

मामांना एकदा विचारलं. चहा पीत शांतपणे म्हणाले, "गाडी दारात आली, हात लावला, बिघाड सांगितला. मला तेवढंच येतं."

मला अजून काही उलगडा झालेला नाही. दुसरी पत्ती नीट बसवून घेतली, कन्नडला आम्ही गाडीवरच जातो. फक्त सईला मागं बसवण्याआधी मामांना एक फोन करतो. ते जरा वेळ गप्प राहतात, कानोसा घेतल्यासारखे. मग म्हणतात, "या."

तेव्हाच निघतो.